उजवा हात धाकटीचा

ता. ९ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. मी ठीक आहे. तुम्ही सगळे ठीक असाल असं धरून चालते. इकडे हवा पालटली. सकाळी नळाचं पाणी बोटांना झोंबतं आणि वाळत घातलेल्या चादरी दुपार सरली तरी कडेला ओल्या राहतात.

फोन होता ना, पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर आपण ‘बरी आहेस ना’, ‘बरी आहे’ एवढं म्हणतो, आणि त्यापुढचं तुला ऐकू येत नाही. पत्र तरी ऐकू येईल.

बातमी अशी, की काल फ्लूची लस घेऊन आले. तुझी आठवण म्हणून नव्हे, दवाखान्याच्या दारावर पाटी लागली म्हणून. यंदा नर्स नवीन आहे. वयानं आपल्या लॉजवाल्याच्या मुलीएवढी, पण हात हलका. खुर्च्या त्याच, भिंतीला लावलेल्या. तू बसायचीस ती खिडकीजवळची रिकामी होती. तिच्यावर मी पिशवी ठेवली.

शेजारी एक आजोबा होते. त्यांची लस केव्हाच झाली होती, थोडा वेळ बसायला सांगतात ते बसणंही झालं होतं. नर्स म्हणाली, “आजोबा, झालं तुमचं. घरी जा आता.” ते म्हणाले, “बसू दे गं. इथं उजेड बरा आहे.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “घरी काही उजेड कमी नाही. दिवा आहे. पण दिव्याला काय विचारणार, बाहेर थंडी आहे का म्हणून?” मी हसले नाही. तू असतीस तर हसली असतीस आणि त्यांनी आपल्याला सगळी कुळकथा सांगितली असती.

माझी पाळी आली तेव्हा नर्सनं विचारलं, “कुठला हात, आजी?”

“डावा. उजवा धाकटीचा.”

“हातसुद्धा वाटून घेतलेत की काय?”

सांगितलं तिला. म्हटलं, आमची लाँड्री आहे. दोघे भाऊ गेले, आता आम्ही जावा चालवतो. चादर घडी करायला दोघी समोरासमोर उभ्या राहतो. माझा डावा हात असतो त्याच्या समोर तिचा उजवा येतो, एकाच कडेला. ती कड दोघींनी खाली धरायची आणि दुसरी कड वरून आणून तिच्यावर टाकायची. मग दुखरा हात उचलावा लागत नाही. पहिल्या वर्षी आम्ही दोघींनी डाव्यावरच घेतली होती. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीचा डावा खाली, उजवा वर, आणि चादर मधोमध पिळवटून गेली. लॉजवाल्यानं विचारलं, ह्या धुतल्यात की पिळून ठेवल्यात?

नर्स खूप हसली. सुई कधी गेली ते कळलं नाही. ‘आम्ही चालवतो’ असं मी म्हटलं खरं. तेवढ्यासाठी तिला थांबवून दुरुस्ती काय करायची.

बाकी सगळं नीट झालं. ताप नाही, काही नाही. शेजारचा इस्त्रीवाला तिथूनच जात होता, त्याच्याबरोबर गप्पा मारत आले.

घडीचं विचारशील. खिडकीच्या गजाला दोन टोकं चिमट्यांनी अडकवते आणि दोन मी धरते. जमतं. गज सध्या माझी जाऊ आहे. उलटून बोलत नाही हा एक गुण. आपला हात जगन्नाथ म्हणतात, पण चादरीला चार लागतात. उशांच्या अभ्र्यांची घडी मात्र एकटीला घालता येते. तू निघालीस त्या दिवशी मी अभ्रेच करत होते, आठवत असेल.

तुझ्या लेकाचा फोन आला होता. “मोठी आई, आईची खाट आणि ट्रंक टेम्पोनं पाठवून दे. तिला तिच्या खाटेशिवाय झोप नाही.” बघते म्हटलं. खाटेचे नट गंजलेत, ते काढायला कुणीतरी पाहिजे. टेम्पोवाला लग्नात गेलाय. स्वतःच्याच लग्नात गेल्यासारखा बसलाय तिकडे. घाई नसेल तर बघू.

लेक म्हणाला, त्यानं घरातल्या सगळ्यांना मागच्या आठवड्यात लस देऊन आणली, तुलाही. छान केलं. काळजी मिटली.

गरम पाणी पीत जा. सुनेला आशीर्वाद.

तुझी,
मोठी जाऊ


ता. १४ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

पाच दिवसांपूर्वीचं पत्र पोचलं असेल. त्यातलं आजोबांचं आणि हातांचं खरं आहे. ‘सगळं नीट झालं’ हे खरं नाही. आणि ते खरं नाही हे तुला पत्र वाचतानाच ठाऊक होतं, हे मला आज दुपारी कळलं. तू काय चेहरा करून वाचलं असशील ते मला दिसतंय. ओठ आत घेऊन.

इस्त्रीवाल्याला आज धरला. त्या दिवसापासून माझ्याशी बोलताना तो इस्त्रीकडे बघत होता. म्हटलं, “त्या दिवशी दवाखान्यावरून कुठं चालला होतास रे?”

“असाच.”

“तुझी वाट त्या बाजूला नाही. आणि पेटलेली इस्त्री सोडून कुणी असंच जात नाही.”

तो बाही उलट करून इस्त्री फिरवत राहिला. मग म्हणाला, “धाकट्या बाईंनी फोनवर सांगू नकोस म्हटलं होतं.”

“मग सांगतोस कशाला?”

“तुम्ही विचारलंत म्हणून.”

“काय म्हणाली?”

“म्हणाल्या, पळ. कोळसा विझला तर विझू दे. आणि नर्सनं माझं विचारलं तर मी दुकानात आहे म्हणून सांग.”

तर आता तुझ्या बाजूचं मला कळलं. माझ्या बाजूचं तुला अर्धंच माहीत आहे, ते लिहिते.

लस घेऊन खुर्चीत बसले, सांगितलं होतं तेवढा वेळ. उठले आणि जमीन वर आली. पडले नाही, आजोबांनी धरलं, म्हणजे त्यांनी मला आणि मी त्यांना. बाकावर आडवं केलं मला. डोळे उघडले तर ती नर्स मनगट धरून उभी.

“सकाळी काय खाल्लंत, आजी?”

“चहा.”

“आणि काल रात्री?”

“चहा झाला होता.”

“हे लसीमुळे नाही,” ती आजोबांना म्हणाली, कारण ते तोवर सगळ्यांना सांगायला लागले होते की सुईनं बाई आडवी झाली. “ह्या उपाशी आहेत.” मग मला म्हणाली, “एकटीला सोडणार नाही मी. घरी कोण आहे?”

धाकटे, मी म्हटलं, “जाऊ आहे.”

तोंडातून निघून गेलं. दरवर्षी निघायच्या आधी तू मला खायला घालायचीस, खात नाही म्हटलं तरी दाराशी केळं घेऊन उभी राहायचीस, ते डोक्यात असेल. नर्स म्हणाली, “नंबर सांगा त्यांचा.” तुझा नंबर तेवढाच मला तोंडपाठ आहे. सांगितला. सांगताना वाटलं, तुला ऐकूच येणार नाही, वाजत राहील, आणि ही मला सोडून देईल. माझा फोन तुला ऐकू येत नाही. नर्सचा बरा ऐकू आला.

ती बाहेर जाऊन बोलून आली. म्हणाली, “निघाल्यात. तुम्हाला उठू द्यायचं नाही म्हणाल्या. आणि केळं द्या, नको म्हणतील पण द्या.” तिनं स्वतःच्या डब्यातलं केळं काढलं. मी नको म्हटलं. तिनं दिलं.

आता हे मला नीट लिहिता येतंय का बघ. तू रात्रभराच्या अंतरावर आहेस. गाडीत तुला मी बसवलं नाही, पण गाडीचा आवाज ऐकला. हे सगळं मला माहीत होतं. बाकावर पडल्या पडल्या माहीत होतं. तरी मी दाराकडे बघत होते. दार ढकललं गेलं की मान उचलत होते. एकदा एक बाई आली, तुझ्यासारखी शाल घेतलेली, आणि मी पिशवी तुझ्या खुर्चीवरून काढून खाली ठेवली.

आजोबा म्हणाले, “कोण येणार आहे?” म्हटलं, “जाऊ.” ते म्हणाले, “नशीबवान आहात.” मी हो म्हटलं.

मग इस्त्रीवाला आला, सदऱ्यावर कोळशाची पूड. नर्सनं विचारलं, “ह्यांच्या जाऊबाई येणार होत्या ना?” तो म्हणाला, “त्या दुकानात अडकल्यात. गिऱ्हाईक आलंय. मला धाडलं.” इतकं सरळ म्हणाला की मीही मान हलवली. नर्सनं तुझ्यामागे तुला खोटी ठरवलं नाही, त्यानं ठरवलं नाही, मी ठरवलं नाही. सगळ्यांनी मिळून तुला दुकानात बसवलं.

रस्त्यानं मी त्याच्या पुढे चालत होते. तो म्हणाला, “हळू, मोठ्या बाई.” मला हळू चालवेना. गिऱ्हाईक आलंय, ती एकटी आहे, लॉजच्या चादरी कुठल्या आणि दवाखान्याच्या कुठल्या ते तिला सांगायचं राहिलंय, असंच डोक्यात होतं. कोपरा वळले तर दुकानाला कुलूप. ते मीच लावलं होतं. किल्ली माझ्याच कमरेला होती.

इस्त्रीवाला दुसरीकडे बघत उभा राहिला. चांगला माणूस आहे. त्याची इस्त्री विझली होती.

बाकीचंही लिहून टाकते. स्वयंपाक मी करत नाही फारसा. एकटीचा स्वयंपाक म्हणजे भांडी घासायला निमित्त. गजाचंही मी उगाच जमतं म्हणून लिहिलं. चिमटा सुटतो आणि चादर जमिनीला लागते, मग पुन्हा धुवा. मोठ्या चादरी मी घडी न घालता गुंडाळून देतेय. लॉजवाला अजून बोलला नाही. बोलेल.

तू जाऊ नकोस असं मी म्हटलं नव्हतं. लेक तुला न्यायला आला, त्याचं चुकलं नाही, तुझी पाठ दुखत होती. तो माझ्याही मांडीवर वाढलाय, त्याच्यासमोर मी काय हट्ट करणार. तू दाराशी उभी राहून म्हणालीस, “येते.” जाते असं म्हणत नाहीत म्हणून येते म्हणतात, हे मला माहीत आहे. तरी मी ते धरून बसले आहे.

टेम्पोवाला परवाच परत आला. काल दारात येऊन उभा राहिला. लेकानं त्याला परस्पर फोन केला होता. नट गंजलेले नाहीत. ते तू दर उन्हाळ्यात तेल घालून ठेवायचीस, कसे गंजतील. मी त्याला रविवारी ये म्हटलं. रविवारच्या आत तुझं उत्तर येऊ शकतं, मी पोस्टात विचारून घेतलं.

ये असं मी लिहीत नाही. तुझी पाठ, तुझी नातवंडं, तिकडची ऊब, हे मला कळतं. मी तुला एकच विचारते. लेकालाही फोनवर विचारलं, त्याला सांगता आलं नाही, म्हणाला, “मोठी आई, असल्या गोष्टी कोण बघतं?”

तिकडे तुला चादरी नाहीत. समोर कुणी उभं राहत नाही. नर्सनं विचारलं असेल, कुठला हात, तेव्हा कुठलाही चालला असता. बहुतेक जणी डावा देतात. डाव्यावर घेतली असशील तर तसं कळव. मी खाट आणि ट्रंक नीट बांधून पाठवीन, ट्रंकेत तुझी शालही घालीन, आणि रागावणार नाही. लॉजवाल्याला दुसरी लाँड्री बघायला सांगीन.

आणि उजव्यावर घेतली असशील तर रविवारी मी टेम्पोवाल्याला चहा पाजून परत लावून देते.

एका ओळीचं कार्ड पुरे. फोन करू नकोस, फोनवर तू मला बरं वाटेल तेच सांगशील.

माझा डावा आता दुखत नाही. तरी खालीच धरून ठेवला आहे.

तुझी,
समोरची