उनाडांची माघार

४ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

जोडीतला एक शिपाई झाडीत आणि दुसरा उघड्यावर असेल, तर घोडेस्वार चालून आल्यावर त्या जोडीला मागे सरकता येतं की नाही? मामा, मला खरंच माहीत नाही. झाडीत असतील तर सरकावं, उघड्यावर असतील तर फासा टाकावा, एवढंच नियमपुस्तकात आहे. अर्ध्यामुर्ध्याचं काहीच नाही. घरात पदवी घेतलेली मी पहिली, म्हणून शेगडी का भडकते इथपासून नेपोलियनच्या काळच्या लढाईपर्यंत सगळं मला ठाऊक असणार, असं तुम्ही सगळे धरून चालता!

पण टेबलावरच्या खेळण्यातल्या शिपायांच्या एका चालीपायी तुम्ही बाबांबरोबरचा डाव अर्ध्यात टाकून उठलात आणि नंतर घरी फिरकलाच नाहीत, हे काही बरं नाही. आई दर रविवारी तुमच्या वाटणीचा चहा टाकते. शाळेत मी मुलींना दोन्ही बाजू ऐकून घ्यायला शिकवते, तेव्हा तुम्ही आणि बाबा दोघेही लिहा. निकाल न्यायाने देईन, भाची म्हणून नाही.

मामींना नमस्कार. रागातही लोभ ठेवाच.

तुमची भाची

९ मार्च

चि. न्यायाधीशीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

निदान एक शिपाई तरी झाडीत होता. माझ्याच हाताने ठेवलेली जोडी, मला ठाऊक नसणार? रांगेपुढे विखरून चालणाऱ्या या शिपायांना उनाड हे नाव तूच ठेवलंस, रांगेत उभे राहत नाहीत म्हणून. त्यांचे हिरवे कोट मी रंगवले, झाडंही मीच रंगवली. आणि दाजी मला सगळ्यांसमोर खोटारडा म्हणतात! त्यांनी माफी मागितल्याशिवाय मी त्या घराची पायरी चढणार नाही.

बाकी ठीक. पाट्या रंगवायचं काम चालू आहे. गिऱ्हाइकं मात्र फार चोखंदळ झाली आहेत. औषधाच्या दुकानाची पाटी दोनदा पुसायला लावली, ओळ खाली उतरते म्हणे. शिडीवर चढून तूच बघ म्हणावं!

निकाल माझ्या बाजूने दे आणि आशीर्वाद घे.

तुझा मामा

१२ मार्च

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

जोडी झाडीपासून चांगली वीतभर लांब होती. आजही तशीच आहे. टेबलाला हात लावायचा नाही असं मी बजावलंय, म्हणून आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. तुझी आई माझ्याशी कामापुरतं बोलते.

खरं सांगू? मला निकाल नकोच आहे. एकदा फासा पलंगाखाली गेला होता. तिथे कोणी पाहणार नव्हतं, तरी तुझ्या मामाने स्वतःला एक पडल्याचं सांगून सगळी पलटण गमावली. असा माणूस वीतभर खोटं का बोलेल? त्या दिवशी टेबलावर नाक टेकवून तो झाडं बोटांनी चाचपत होता. मला वाटलं, नाटक करतोय. तोंडातून शब्द निसटला तो निसटला.

तूच काहीतरी सुचव. तब्येतीला जप.

तुझे बाबा

१७ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. चिडू नका.

निकाल देत नाही. जोडी उघड्यावर होती, पण तुम्ही खोटं बोलला नाहीत. हिरव्या झाडांत हिरवे कोट तुम्हाला दिसलेच नाहीत. पाटीची ओळही गिऱ्हाइकामुळे उतरत नाही, मामा. शिडी सुटेल आणि पाट्या हातच्या जातील, या धास्तीने तुम्ही हे मामींपासूनसुद्धा लपवलंत ना? मला मात्र तुम्ही त्याच शिडीवर चढता याची धास्ती वाटते.

एका नियमाबद्दल तरी मी पदवीधरासारखं ठाम सांगू शकते. उनाड मागे सरकले की त्यांना हरलेले धरत नाहीत. ते आपल्या रांगेमागे येतात, बंदुका भरतात आणि पुन्हा पुढे जातात. बाकीची पलटण सरकली तर मोडते. यांचं सरकणं म्हणजे कामच. डोळ्यांना काय झालंय, किती सुधारेल, हे मी सांगू शकत नाही. डॉक्टर सांगतील.

तुम्हाला न विचारता मी रविवारी घरी गेले आणि बाबांना सगळं सांगितलं. ते उठून पिवळ्या रंगाची डबी घेऊन आले. उनाडांच्या टोप्या आम्ही दोघांनी पिवळ्या केल्या. बाबांनी एकाचं नाकही पिवळं केलं आणि तो सेनापती आहे असं ठोकून दिलं. तुमची जोडी तेवढी हलवली नाही. ती तुम्हीच येऊन हलवा.

आईचा निरोप आहे की चहा आता दोनदा गरम करणार नाही. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची भाची

ता. क. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गुरुवारी सकाळी तुमचं नाव लावलंय, शाळेतून रजाही घेतलीये. माफी मागायला बाबा तुमच्या दारात येतील, रिक्षा घेऊनच.