मामाला नाही म्हणता येत नाही

नुकुआलोफा, १२ जुलै

प्रिय तोआकासे,

देवाच्या कृपेनं आई बरी आहे. यामचे कंद चांगले आले, पहिली टोपली चर्चला दिली. तू पाठवलेला स्वेटर तुझ्या लुपेला आवडला. इस्पितळात गारठा असतो, म्हणून तोच घातलाय.

भावानं बहिणीशी लघवीच्या गोष्टी बोलू नयेत, म्हणून फोनवर मी गप्प होतो. कागदावर लिहितो.

तुझी लेक दिवसभर घटाघटा पाणी प्यायची आणि रात्री चटई भिजवायची. गेल्या महिन्यात इथं इस्पितळात आणली. लघवीत साखर निघाली नाही. डॉक्टर पालू म्हणाले, "एक दिवस पाणी तोडून बघू. तरीही लघवी होत राहिली, वजन उतरलं, तर आजार. नाहीतर नुसती सवय."

राखण करायला मी बसलो. नर्स वीका हसली. "मामाला बसवलंय? अहो, बहिणीच्या लेकराला नाही म्हणणारा मामा टोंगात जन्मलाय का?" मीही हसलो.

दुपारी पोरीचे ओठ फुटले.

"मामा, नारळ दे."

"थांब बाळ, प्रार्थना करू."

"तू कर. मला नारळ दे. मी मागतेय, मामा. मी!"

माझं डुक्कर, माझी चटई, ताटातला घास, काय मागितलं आणि मी दिलं नाही? वीका वजनकाटा आणायला गेली होती. पिशवीत दोन कोवळे नारळ होते.

वजन उतरलं नाही. डॉक्टर म्हणाले, "सवयच आहे. पाणी मोजून द्या."

गावी मोजून दिलं. तिथंही ती मागायची, रडायची, माझ्या दाढीला धरायची. तिथं मात्र मी ठाम राहिलो, तोआकासे. डॉक्टरांचा शब्द होता ना. चौथ्या दिवशी तिला झटके आले, शुद्ध गेली, पुन्हा इथं आणली.

तू डॉक्टरांना शिव्या दिल्यास. देऊ नकोस. काल मी त्यांना चोरून पाजलेल्या नारळांचं सांगितलं. त्यांनी त्या दिवशीचा वजनाचा कागद काढला आणि त्यावर काट मारली. आता आजार कळलाय, औषध सुरू आहे. डोक्याला किती इजा झाली, ते सांगता येत नाही म्हणतात.

आज पहाटे तिनं डोळे उघडले. मला ओळखलं नाही. "पाणी" म्हणाली. पेला हाताशीच होता. माझा हात उचलेना. वीकाला हाक मारली.

मिळेल त्या विमानानं ये. तिला कधी द्यायचं आणि कधी नाही, ते आता तिच्या आईनं ठरवावं.

ज्याच्या पदरात तू लेक घातलीस, तो तुझा भाऊ,
होपोआते