दहावी सही

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
कामगार संघटना नोंदणी कार्यालय, दुसरा मजला.

विषय : हंगामी स्त्री कामगारांच्या संघटनेचा निकाली काढलेला नोंदणी अर्ज पुन्हा विचारात घेणे व माझा खोटा जबाब रद्द करणेबाबत.

संदर्भ : 'सभासदसंख्या अपुरी' असे कळवणारे आपले पत्र.

महोदय,

मी खाली सही करणारी, गोठवलेल्या भाज्यांच्या कारखान्यात पाकीट विभागात हंगामी कामगार आहे. माझ्या थोरल्या वहिनीही तिथेच होत्या. भाऊ वारल्यावर आम्ही दोघी गाव सोडून ठेकेदाराच्या पत्र्याच्या खोलीत राहायला आलो. ठेकेदार पाच महिने एकोणतीस दिवसांचे कामाचे पत्र देतो, एक दिवस घरी बसवतो व पुन्हा नवे पत्र देतो. त्यामुळे सहा वर्षे राबूनही वहिनींनी कागदोपत्री तिथे कधी सलग अर्धे वर्षसुद्धा काम केलेले नाही.

१. गाजर कापायच्या मशीनवर हात पात्यात जाऊ नये म्हणून असलेली जाळी, धुण्यात वेळ जातो म्हणून काढून ठेवली गेली. वहिनी मॅनेजरसाहेबांशी बोलायला गेल्या, तर 'तोंडाळ बाई' असे ऐकून परत आल्या. कपडे धुताना त्या इतर बायकांना म्हणाल्या, "एकटी बोलली की तोंडाळ. दहाजणी बोलल्या की संघटना." आपल्या नियमाला दहा सभासद लागतात, तेवढेच झाले. अर्ज मी लिहिला, कारण आमच्यात लिहिता मलाच बरे येते. सही मात्र केली नाही. "घरातली एक तरी कामावर राहू दे," असे वहिनीच म्हणाल्या. मी लगेच 'बरं' म्हटले, इतक्या लगेच की त्यांनी मान वर करून पाहिले.

२. आपल्या कार्यालयाने खातरजमेसाठी त्या दहा नावांची यादी कारखान्याकडे पाठवली. मॅनेजरसाहेबांनी आम्हा सर्वांना उभे करून ती हजेरीसारखी वाचली. पहिले नाव वहिनींचे होते. साहेब म्हणाले, "बाईंना जाळीची फार काळजी आहे ना? मग मशीनवरच उभ्या करा." आठव्या दिवशी मशीनने त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा व शेजारचे बोट नेले. पट्टा थांबेपर्यंत गाजरे पुढे गेली होती. त्या दिवसाची पाकिटे कोणी बाजूला काढल्याचे मी पाहिले नाही. ती मीच बंद केली.

३. पाळी सुटल्यावर मी दवाखान्यात गेले. आत वहिनींना पट्टी बांधत असताना ठेकेदाराने मला बाहेरच्या बाकावर टाइप केलेला जबाब दिला : 'सदर कामगाराने भरपाईच्या लोभाने स्वतःहून हात घातला, हे मी डोळ्यांनी पाहिले.' तो म्हणाला, "सही कर, नाहीतर खोली आजच रिकामी. हिला घेऊन कुठं जाशील ते बघ." मी सही केली. हे वहिनींसाठी केले असे लिहिणार होते, पण मला स्वतःसाठीही भीती वाटली होती. त्या जबाबावरून वहिनींना कामावरून काढले, आणि मला नवे पत्र मिळाले. आता मी त्यांची वेणी घालते तेव्हा त्या म्हणतात, "तू आहेस म्हणून डोक्यावर छप्पर आहे गं." मी वेणी घट्ट ओढते, म्हणजे त्या बोलायच्या थांबतात.

४. खातरजमेच्या दिवशी आपल्या लिपिकांनी अर्जावरचा ठसा जुळवण्यासाठी वहिनींचा उजवा अंगठा मागितला. वहिनींनी फडके सोडून हात दाखवला. लिपिकांनी नियमावर बोट ठेवले : "डावा चालत नाही, बाई. अर्जावर आहे तोच पाहिजे." वहिनी म्हणाल्या, "मग कारखान्याला पत्र लिहून मागवा की. यादी पाठवलीत तसं." ठसा सिद्ध झाला नाही, असा शेरा पडला. दहाचे नऊ झाले व अर्ज निकाली निघाला.

सबब विनंती की, वहिनींचा डावा अंगठा ग्राह्य धरावा. ते नियमात बसत नसल्यास दहावी सभासद म्हणून माझे नाव घ्यावे. उरलेल्या नऊजणींची पत्रे महिनाअखेर संपतात, त्यानंतर त्या कामगारच उरणार नाहीत. तरी त्यापूर्वी निर्णय व्हावा. माझा वरील जबाब खोटा आहे. त्याची जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे. नवी यादी पुन्हा कारखान्याकडे जाईल, हे मला ठाऊक आहे. मशीनवर अजून जाळी नाही, हेही ठाऊक आहे.

या अर्जाची एक प्रत मूळ अर्जदार म्हणून वहिनींना द्यावी लागेल. जबाबाबद्दल त्यांना अजून काही माहीत नाही. त्यांना वाचता येत नाही. कुठलाही कागद आला की त्या माझ्यापुढे धरतात. तरी ही प्रत मी कामावर असताना आपल्या शिपायामार्फत द्यावी व शिपायानेच ती त्यांना वाचून दाखवावी. तिसरा मुद्दा गाळू नये.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,
(सही)
हंगामी कामगार, पाकीट विभाग
दिनांक : २१

सोबत : ठेकेदाराने दिलेल्या जबाबाची प्रत, माझ्या सहीसह.