तुझ्या आवडीचे माझे अल्बम

हिंगणी,
बुधवार

प्रिय धीरू,

तुझा व्हिडिओ बघितला. एकदा बसमध्ये बघितला, मग गोदामात येऊन हेडफोन लावून पुन्हा बघितला, आणि दोन्ही वेळा तुझा कान पिळावासा वाटला. ‘झुडपीचे आवडते अल्बम’. झुडपी म्हणे, तुझं तिकडचं रॅपचं नाव. काय रुबाबात बसला होतास, मागे निळा लाइट, डोक्यावर उलटी टोपी. हिपहॉप झालं, रेगे झालं, रॉक झालं, एकेक नाव घेत होतास आणि समोरचा पोरगा मान डोलावत होता. त्यानं विचारलं, हे सगळं खेड्यात तुझ्यापर्यंत पोचलं कसं, तर तू म्हणालास, गावात कोणाला काही कळत नव्हतं, मी एकटाच ऐकायचो. एकटाच? मग तुझ्याशेजारी गाद्यांच्या थप्पीवर बसायची ती कोण होती, गादीच का?

फोनवरच झाडलं असतं तुला, पण आपल्या घरातला फोन आता खाजगी राहिलेला नाही. बाबांना ऐकू येत नाही म्हणून तो कायम स्पीकरवर, पूर्ण आवाजात. तू जेवलास की नाही हे समोरच्या सुलोचनाबाईंना आमच्याआधी कळतं. आणि माझ्या मोबाइलवरून बोलावं तर तू मधेच तोडशील, मेसेज करावा तर एक अंगठा पाठवून मोकळा होशील. म्हणून पत्र. येत्या रविवारी बाबा तुला फोन करणार हे तुला ठाऊक आहेच. मंडप-साउंडचं दुकान आता माझ्यानं होत नाही, तू ये आणि सांभाळ, असं म्हणणार. तू आईला म्हणालास की रविवारी काय ते पक्कं सांगतो, आणि आईचा आवाज ऐकून तुझा अर्धा होकार झालेलाच आहे असं मला वाटतंय. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. सावंगीला मेडिकलच्या काउंटरवर उभी असते आणि बोटं आपली काचेवर वाजत राहतात. गिऱ्हाईक बघत बसतं.

तर आधी तुझे अल्बम दुरुस्त करते. तो पेन ड्राइव्ह बाबांना मिळाला होता, कुठल्याशा कॉलेजच्या गॅदरिंगला आपलं साउंड गेलं होतं तेव्हा. कोणा पोराचा तो मिक्सरलाच राहिला. ‘मालक येईन तं देऊ’ म्हणून बाबांनी खिळ्याला टांगून ठेवला. मालक आला नाही आणि खिळ्यावरून तो मी काढला. मी, धीरू. तू तेव्हा सातवीत होतास आणि तुझं संगीत वरातीच्या पुढं गेलेलं नव्हतं. गाण्यांना नावं नव्हती, नुसते आकडे. इंग्रजी माझं पेपरापुरतं. म्हणून नावं आपणच ठेवली. व्हिडिओत तू त्यांची खरी नावं घेतलीस तेव्हा मला काही केल्या ओळख पटेना. घरी ज्याला बंड्या म्हणतो त्याचं शाळेतलं नाव कोणी पुकारावं तसं झालं.

रॉकचा तो तुझा दुसऱ्या नंबरचा, तो म्हणजे आपला ‘कुत्रेवाला’. सुरुवातीला लांबवर कुत्री भुंकतात, मग गिटार येते. आपण तो लग्नाच्या मोठ्या बॉक्सवर लावला आणि त्या कुत्र्यांना हिंगणीतल्या यच्चयावत कुत्र्यांनी उत्तर दिलं. दुकानातला आपला गडी, तानबा, काठी घेऊन बाहेर पळाला होता, आठवतंय का? हे सांगायचं होतंस ना व्हिडिओत. त्याऐवजी तू म्हणालास की या अल्बममधलं ध्वनिमुद्रण काळाच्या पुढचं आहे. बाबा रे.

हिपहॉपचा ‘रागीट मास्तर’ मात्र तुझाच, तो मी तुला सोडते. आपल्याला शब्द कळत नव्हता आणि तरी गृहपाठ राहिल्यासारखं वाटायचं. तू तो माणूस श्वासासकट पाठ केलास आणि शेजारच्या कोंबड्यांवर ओरडत फिरलास. मग एक दिवस त्याच चालीत, त्याच रागात, सेलूच्या बसमधल्या कंडक्टरची ओरड घातलीस, थांब्यांची नावं, सुट्टे नाहीत, पुढे सरका, म्हैस आडवी आली. मी हसून हसून खाली बसले. मला त्या दिवशीच कळलं होतं की हा काही दुकानात टिकत नाही. तुला स्वतःला कळायच्या आधी मला कळलं होतं, हे कुठं तरी नोंदवून ठेव.

आणि रेगे. तो अल्बम पहिल्यांदा लावला तेव्हा बाबा टेस्टर घेऊनच आत आले. ‘काऊन गं, पहिला ठोका कुठी गेला?’ जिथं ढोल पडायला पाहिजे तिथं रिकामं, आणि मग मागून धप्प. त्यांनी अँप्लिफायर खोलला, वायरी बदलल्या, सोल्डरिंग केलं, तरी ठोका जागेवर येईना. शेवटी बॉक्सला कान लावून डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, ‘मशीन बराबर आहे. तो बुवा मुद्दाम सोडून राह्यला.’ असा कान होता त्यांचा. मी नंतर वाचलं की रेगे ज्या बेटावरून आलं तिथंही लोक असेच बॉक्सवर बॉक्स रचून रस्त्यात गाणी वाजवायचे. म्हणजे मंडप-साउंडवाल्यांचंच संगीत म्हण ना.

त्यातला तो म्हातारा गाता गाता मधेच ‘जा’ म्हणतो. ओळ संपली की ‘जा’, श्वास घेतला की ‘जा’. व्हिडिओत तू मोठ्या विद्वानासारखं समजावलंस की तो त्यांच्या देवासाठीचा शब्द आहे. ठाऊक आहे मला. पण आपल्या गोदामात तो म्हातारा जा म्हणजे जा असंच म्हणत होता, आणि तो कोणाला म्हणतोय यावरून आपली भांडणं होत होती. तू म्हणायचास मले म्हणून राह्यला, मी म्हणायचे मला. घरातून निघणाऱ्याला आपल्याकडे कोणी जा म्हणत नाही, आणि निघणाराही जातो न म्हणता येतो म्हणतो. म्हणून त्या म्हाताऱ्याचं अप्रूप. तू पुण्याला निघालास तेव्हा आईच्या पाया पडून रीतीप्रमाणे येतो म्हणालास. बाबांनी तो शब्द अजून धरून ठेवलाय. परवाच म्हणाले, ‘तो येतो म्हणून गेलता, जातो म्हणून नाई.’

मधेच उठावं लागलं. देवकाबाई भजनाचा माईक परत करायला आल्या होत्या आणि त्यांना तो खरखरतो अशी तक्रार करायची होती. माईकला काही झालेलं नव्हतं, पिनेला गुलाल लागला होता. पुसून लावून दाखवला तर म्हणाल्या, ‘भैय्याजीले सांगजो, चांगला दुरुस्त केला त्याईनं.’ मी म्हटलं, हो, सांगते बाबांना. काय सांगत बसायचं. आता पुन्हा बसलेय, पण बसवत नाहीये. गोदामात चार पावलं टाकते, एखादी केबल गुंडाळते, दोन ओळी लिहिते. तू म्हणशील, ताई, तू लहानपणापासून अशीच, बुडाखाली विंचू असल्यासारखी. असेन.

बाबांच्या कानाचं तुला आईनं थोडक्यात सांगितलंय, खरं काय झालं ते सांगितलेलं नाही. केळझरच्या लग्नात मी पाहुणी म्हणून गेले होते, साउंड आपलंच होतं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि माईकनं शिट्टी धरली. अशी की लोकांनी अक्षता धरलेले हात कानाला लावले. बाबा मिक्सरजवळ उभे होते आणि हसत होते, धीरू. त्यांना वाटलं सगळं छान चाललंय. लोक त्यांच्याकडे वळून बघत होते आणि ते मान लववून नमस्कार घेत होते. मी पंगतीच्या बाजूनं धावत गेले, त्यांच्या हाताखालून हात घालून माईकच्या गेनचं बटण खाली फिरवलं, माईकवाल्याला बॉक्सपासून बाजूला ओढलं. नंतर टेम्पोत सामान चढवताना बाबा तानबाला एवढंच म्हणाले, ‘आता धीरजलेच बोलवा लागते.’ मी तिथंच उभी होते, हातात तोच माईक होता.

त्यानंतरच्या ऑर्डरी कोण करतंय, असं तुला विचारावंसं वाटलं नाही का? तानबा करतो असं बाबा सगळ्यांना सांगतात. तानबा बॉक्स उचलतो, मिक्सरला तो आजही देवासारखा लांबून नमस्कार करतो. परवा इथल्याच साक्षगंधाला मी मंडपाच्या पडद्यामागं खुर्ची टाकून बसले होते. मुलीच्या आजोबांचा आवाज अगदी बारीक. ते आशीर्वादाचे दोन शब्द बोलायला उठले तेव्हा मी खालचे सूर काढून टाकले, आवाज हळूहळू वर नेला, आणि मागच्या ओळीतली पोरंसुद्धा गप्प बसून ऐकायला लागली. म्हाताऱ्याला स्वतःचाच आवाज ऐकून भरून आलं. पडद्यामागं मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. मुलीकडच्यांनी दुसऱ्या दिवशी घरी येऊन साउंडची तारीफ केली. बाबांनी तानबाच्या पाठीवर थाप मारली, ‘शिकला रे माह्या तानबा.’ तानबा माझ्याकडे बघत राहिला. मी चहा ठेवायला आत गेले.

तुझ्या पहिल्या नंबरचा अल्बम मी ऐकला नव्हता. नवाच दिसतोय, तिकडे गेल्यावर तुला मिळाला असणार. येताना-जाताना बसमध्ये ऐकला. चिडूनच लावला होता, पण चांगला आहे. तिसऱ्या गाण्यात ती बाई शब्द सोडून नुसती गुणगुणते तिथं पुढचं ऐकवेना म्हणून मी मागे घेऊन तेवढंच ऐकत राहिले आणि माझा थांबा गेला. हे तुला सांगायला नको होतं, आता मिशीवर ताव देशील. तिकडे तुझंही काही फार मजेत चाललेलं नाही हे मला कळतं. व्हिडिओत तू हसलास तरी डोळे झोपेला आलेले होते. कार्यक्रम कमी झाले आहेत असं आईजवळ बोललास. थकला असशील, आणि घर आठवत असेल, आणि इथं तुला सगळं आयतं हातात मिळणार आहे, बोर्डावर नावसुद्धा. मी ते समजू शकते. माझ्या लग्नाचं म्हणशील तर पाहुणे यायचे थांबलेत, पोहे वाचतात, आई तेवढी अधूनमधून उसासे टाकते. म्हणजे माझी सोय लागली नाही आणि दुकानाची लावायची आहे, आणि या दोन गोष्टी घरात कोणाला एकत्र सुचत नाहीत.

आता मुद्द्याचं. हे पत्र मी तुला परत ये म्हणायला लिहीत नाहीये, आणि तुझ्या गाण्यांच्या काळजीनं येऊ नको म्हणतेय असंही नाही, एवढी मी थोर नाही. मला दुकान पाहिजे. मिक्सर पाहिजे, टेम्पो पाहिजे, पडद्याच्या पुढची खुर्ची पाहिजे. तुला यायचंच असेल तर खुशाल ये, बॉक्स उचलायला माणूस कमीच पडतोय, पण मालक म्हणून येऊ नको. रविवारी बाबांचा फोन आला की नाही म्हण. मोठ्यानं म्हण, सुलोचनाबाईंना ऐकू गेलं तरी चालेल. कारण सांगू नको, आणि माझं नाव तर अजिबात घेऊ नको, कारण तू सुचवलंस म्हणून मिळालेलं मला नको आहे. बाबा रागावतील, कदाचित रडतील, आई तुझ्याशी दोन दिवस बोलणार नाही. तेवढं सोस माझ्यासाठी. तू नाही म्हणालास की ते फोन ठेवतील, आणि घरात दुसरं कोणी उरलेलं नाही म्हणून का होईना, मान वर करून माझ्याकडे बघतील. मी तिथंच बसलेली असेन. मला त्यांनी विचारायला पाहिजे, धीरू. आजवर मला कोणी काही विचारलेलंच नाही.

तुझीच,
रीताताई