वस्तू क्रमांक सात

२ जानेवारी १९८९
संकल्प. माझ्या अध्यक्षपदाच्या अकरा महिन्यांचं ग्रंथालय व संग्रहालय घराच्या पुढच्या खोलीत उभं करणार. हे नगरपालिकेनंच करायचं. पण तिथं आता गिरधर अध्यक्ष. माझ्या नावाची पाटी त्यानं रंगवून टाकली. म्हणे, भिंत रंगवली.

९ जानेवारी
देणगीसाठी पत्रं: बत्तीस. उत्तर: एक. केळीवाले धनसिंग. शुभेच्छा. पाकीट उघडून पुन्हा चिकटवल्यासारखं वाटतं. पोस्टमनवर लक्ष ठेवणे.
सरकारी अनुदान मिळेलच. त्याला वाचकांच्या सह्यांची नोंदवही लागते.
सुगंधाबाई म्हणाली, "हाई देखाले कोन ई?" म्हणे, बघायला येणार कोण! अनुदान आलं नाही तर खोलीत तिचं शेवयांचं मशीन बसणार. मी होकार दिला. बायकोचं मन राखावं. वेळ येणारच नाही.

२६ जानेवारी
उद्घाटन. पुस्तकं एकशे चार (पैकी नगरपालिकेचे अहवाल साठ). वस्तू बारा. मान क्रमांक सातला. काचेच्या कपाटात, कुलपात: 'सार्वजनिक सुविधेच्या उद्घाटनाची कात्री'. सुगंधाबाई रस्त्यानं जाणाऱ्यांना सांगते, "मुतारीनी कात्री शे."
उपस्थिती: अन्वर टेलर.

३० जानेवारी
अन्वर पुन्हा. सही करतो. पुस्तकाला हात लावत नाही. क्रमांक सातपुढे उभा राहतो. आज विचारलं, "किल्ली तुमच्याकडंच असते ना, आबा?"
गिरधरचा माणूस. कुलूप बदलणे.

११ फेब्रुवारी
अन्वर म्हणाला, "तेल दिलं का आबा? गंज चढेल." एवढा जिव्हाळा बरा नव्हे. दुसरं कुलूपही लावलं.

१ मार्च
तीस सह्या. सगळ्या अन्वरच्या. तरी तीस. बाजाराच्या दिवशी तेवढा येत नाही. त्या दिवशी गिरधरला रिपोर्ट देत असणार.

३ मार्च
जळगावहून तपासणीचे साहेब आले. नोंदवही पाहत होते, तेवढ्यात अन्वर आला. मी म्हणालो, हे आमचे नियमित वाचक. साहेबांनी विचारलं, काय वाचता?
"वाचत नाही साहेब. कात्री माझी आहे. अब्बांची. आबांनी फीत कापायला पाच मिनिटांसाठी नेली, त्याला तीन वर्षं झाली. मोठ्या माणसाला मागायची कशी? म्हटलं, रोज तोंड दाखवू, त्यांनाच आठवेल."
साहेब हसलेसुद्धा नाहीत. लिहिलं: वाचक शून्य.
सुगंधाबाईनं दोन्ही कुलपं उघडून कात्री दिली. किल्ल्या माझ्या उशीच्या खोळीत होत्या. तिला कसं कळलं?

१४ मार्च
पुढच्या खोलीत बायकांची गर्दी. शेवयांसाठी. सुगंधाबाई नोंदवहीत नंबर लिहिते. दोन पानं भरली.
अन्वर अकरा दिवसांत फिरकला नाही. शेवटी मीच त्याच्या दुकानात गेलो. कात्री चालू होती. "बसा आबा," म्हणाला. कशाला आलात, हे विचारलं नाही. तासभर बसलो.
काच नाही, कुलूप नाही, पाटी नाही. कात्री उघड्यावर ठेवतो.
उद्या परत जाणार. लक्ष ठेवायला हवं.