किल्ली मी काढून घेतली आहे

अहो,

रात्रपाळी करून झोपलात म्हणून उठवलं नाही. मी गाडी आणायला गॅरेजमध्ये जातेय!

टेम्पोवाल्याच्या विमा कंपनीचा फोन आला. आपली गाडी सिग्नलला उभी होती आणि टेम्पोनेच मागून ठोकलं, असं त्या दिवशी माझ्या गाडीत भाड्याने बसलेल्या शिक्षिकाबाईंनी लिहून दिलं. चूक टेम्पोची ठरली. खासगी गाडीवर ॲपवरचं भाडं घेतलं होतं म्हणून आपल्या पॉलिसीवाल्यांनी हात वर केले होते ना? गाडी दुरुस्त होऊन बिलासाठी अडली होती, आता ते बिल टेम्पोच्या विम्यातून भागणार. बाईंच्या मानेचा पट्टाही निघाला.

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एकटीच नाचले. आईंनी बघितलं. वाटलं, आता ऐकावं लागणार. तर त्याही नाचायला लागल्या!

गाडीची दुसरी किल्ली तुम्ही कपाटावर ठेवली होतीत, ती स्टुलावर चढून काढली. तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत, पण किल्ली एवढी उंच का गेली ते कळत होतं. रागावले नाहीये.

आज कामाला बसने जायचं नाही. खाली येऊन हॉर्न वाजवीन. पहिलं भाडं तुमचंच. भीती वाटली तर खुशाल डोळे मिटून बसा, मी माझे उघडे ठेवीन.