वैराग्यातला राग

मी, चिंतामणी विष्णू बेहेरे, वय वर्षे एकोणऐंशी, निवृत्त संस्कृत शिक्षक, राहणार नाचणे, रत्नागिरी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने व चष्मा लावून लिहीत आहे. माझ्या शुद्धीबाबत पत्नी लीला हिला शंका आहे. ती जुनीच आहे.

१) राहते घर व आंब्याची बाग स्वकष्टार्जित आहे. माझ्यामागे ती लीलाची, तिच्यामागे मुलगी ऋजुताची. आधीच्या मृत्युपत्रात ऋजुताचे नाव नव्हते; ते मृत्युपत्र मी रद्द करतो. तिने दाभोळच्या सर्वेश या होडीवाल्याशी लग्न केले म्हणून मी नऊ वर्षे तिच्याशी बोललो नाही. ‘बंधनातून सुटलो’ म्हणत रोज ध्यानाला बसे.

२) सन २०१४मध्ये झुरिकच्या मनोविश्लेषक हाना केलर उपनिषदे शिकायला आमच्याकडे राहिल्या. सकाळच्या चहाला त्या माझी स्वप्ने विचारीत. एक स्वप्न सारखे पडे: दाराला आतून कडी लावून मी ध्यानात आहे, दार वाजते आहे, मी उठत नाही.

“दारात कोण आहे?”

“कोणी नाही. माया.”

“मग कडी कशाला? गुरुजी, तुमच्या वैराग्यात राग शिल्लक आहे.”

संस्कृतात राग म्हणजे आसक्तीही, हे त्यांना मीच शिकवलेले. लीला म्हणाली, “नऊ वर्षं मी हेच सांगत्ये. पण मी झुरिकहून आले नाही ना!”

दुसऱ्या दिवशी एसटीने दाभोळला गेलो. सर्वेशने पाय धुवायला पाणी दिले. ऋजुता उंबऱ्यातच उभी होती. म्हणाली, “बाबा, माया बघायला आलात?” मला रडू फुटले. वेदान्त्याला ते शोभले नाही, पण आवरले नाही.

सबब माझी उपनिषदे हानाबाईंना, व त्यांनी ठेवलेली मानसशास्त्राची पुस्तके आमच्या गीता मंडळाला. अहंकार विरघळवावा की आधी नीट ओळखावा, हा आमचा वाद मिटलेला नाही. तो दोघांत समान वाटावा.

३) मेहुणा अनिश “आपलंच ज्ञान परदेशातून आलं की तुम्हांला गोड लागतं” असे दहा वर्षे टोचतो. निम्मे खरे आहे. त्यास माझी स्वप्नांची वही. बऱ्याच स्वप्नांत तोच भांडतो आहे.

४) ध्यानाचे आसन सर्वेशास. तो त्यावर झोपतो, पण चेहरा माझ्याहून शांत असतो.

५) माझ्या तेराव्याला कोणीही ‘आत्मा अमर आहे’ सांगून ऋजुताला गप्प करू नये. तिला पोटभर रडू द्यावे.

वाचून, समजून सही केली.
चि. वि. बेहेरे

आमच्यासमक्ष सही झाली, साक्षीदार:
१. धाकू गोविंद मयेकर
२. मृणाली सुहास लिमये

रत्नागिरी, १२ फेब्रुवारी २०२४